पाण्याचे पैसे वाटायचे कसे: सोळा फ्लॅटच्या स्कीमचा हिशोब

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात आमची सोळा फ्लॅटची स्कीम आहे. आमच्याकडे फ्लॅटच्या इमारतीला स्कीमच म्हणतात. चार माळे, एक नळ कनेक्शन, एक बोअर, खाली संप म्हणजे जमिनीतली टाकी, आणि गच्चीवर टाक्या. मी तिची खजिनदार. बियाण्यांच्या एका कंपनीत आयुष्यभर हिशोब लिहिले, म्हणून निवृत्त झाल्याबरोबर सगळ्यांनी स्कीमची वहीही माझ्याच गळ्यात घातली. आता आजूबाजूच्या स्कीममधले लोक येऊन विचारतात, "काकू, तुमच्याकडे पाण्याच्या पैशावरून भांडणं काहून होत नाहीत?"

भांडणं होतात, पण ती बोअरची मोटर कोणी चालू ठेवली यावर. पैशावरून होत नाहीत, कारण आमच्याकडे 'मेंटेनन्स' नावाचा एकच गोळाबेरीज आकडा नाही. पाणी आणायचा खर्च, ते वर चढवायचा खर्च, आणि सांडपाणी-कचरा बाहेर न्यायचा खर्च असे तीन रकाने आहेत. तिन्हींची वाटणी वेगवेगळ्या पद्धतीनं होते. चौथा रकाना शिलकीचा. वही लिहायला बसण्याआधी मात्र दोन जुने कागद काढा.

आधी घरटॅक्सचं बिल वाचा

आपण आधीच कशाकशाचे पैसे देतो हे बहुतेकांना माहीत नसतं. घरटॅक्सच्या बिलावर सामान्य कराखाली मलजल, वृक्ष कर अशा ओळी असतात. म्हणजे रस्त्यावरची गडरलाइन (सांडपाण्याची लाइन) आणि रस्त्याकडेची झाडं यांचे पैसे आपण भरलेले आहेत. रस्त्यावरचा चेंबर तुंबला की घाईघाईनं खाजगी माणूस बोलवायचा आणि त्याची वर्गणी काढायची, ही सवय मोडा. कंपाउंड वॉलच्या आतला चेंबर आपला, बाहेरचा महापालिकेचा. बाहेरच्याची तक्रार झोन ऑफिसात द्यायची, नंबर घ्यायचा आणि तो नोटीस बोर्डावर लिहायचा. शहरात दहा झोन आहेत, आमचा लक्ष्मीनगर.

पाण्याचंही तसंच. रस्त्यापासून मीटरपर्यंतची गळती त्यांची, मीटरपासून पुढची आपली. पुढची गळती आपल्या बिलात चढते.

दुसरा कागद म्हणजे स्कीमची नोंदणी. नागपुरात पुष्कळ स्कीम सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप ॲक्टखाली आहेत, आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत. सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, पाण्याचे पैसे प्रत्येक फ्लॅटमधल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायचे असतात, आणि सफाई-चौकीदारासारखा सेवा खर्च सगळ्यांना सारखा. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये प्रत्येक फ्लॅटचा सामाईक जागेतला टक्का दिलेला असतो, आणि खर्च त्या टक्क्यानं वाटायचा असतो. आमचं अपार्टमेंट आहे. टक्क्यानं वाटलं तर थ्री बीएचकेत एकट्या राहणाऱ्या आजींना सगळ्यात जास्त पाणीपट्टी आली असती आणि टू बीएचकेतल्या सात जणांना कमी. म्हणून आम्ही पाण्यापुरती वेगळी पद्धत ठरवली, आणि ठरावावर सोळाच्या सोळा मालकांच्या सह्या घेतल्या. हे काम बहुमतावर भागवू नका. तेरा सह्यांचा ठराव पहिल्या नाराज माणसापर्यंतच टिकतो.

बिल कळलं की निम्मं काम झालं

आपल्याकडचं बरंचसं पाणी पेंच नदीचं. नवेगाव खैरीच्या धरणातून ते गोरेवाड्याला शुद्ध होऊन येतं, आणि बाकीचं कन्हान नदीचं. २०१२ पासून वितरण ऑरेंज सिटी वॉटर (ओसीडब्ल्यू) ही खाजगी कंपनी बघते, पंचवीस वर्षांच्या करारावर, पण दर महापालिकेचे. 'ओसीडब्ल्यूनं दर वाढवला' असं म्हणत गेटवर वाद घालण्यात अर्थ नाही, दराचा विषय नगरसेवकाशी बोलायचा.

बिलावरचं एक युनिट म्हणजे एक हजार लिटर. दर टप्प्याटप्प्यानं चढतो, जितकं जास्त पाणी तितका वरच्या टप्प्याचा दर महाग. म्हणून सामाईक कनेक्शन असणाऱ्यांनी एक प्रश्न झोन ऑफिसात जाऊन विचारायलाच हवा: आमच्या कनेक्शनवर किती घरांची नोंद आहे, आणि टप्पे कसे लावलेत? सोबत फ्लॅटची यादी न्या. तोंडी उत्तरावर परत येऊ नका.

मग मीटर. काळे आकडे युनिटचे, लाल आकडे त्याखालचे लिटर. महिन्याच्या एक तारखेला मोबाइलनं फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. आपला वापर जास्त आहे की ठीक, हे समजायला एक मोजमाप धरा. शहरी पाणीपुरवठ्याची योजना करताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. आमच्याकडे ६२ माणसं आहेत. म्हणजे दिवसाला सव्वाआठ-साडेआठ हजार लिटर, महिन्याला साधारण २५० युनिट. दोन महिन्यांच्या फोटोंतला फरक याच्या फार वर गेला की मी रात्री अकराला संपात येणारा व्हॉल्व्ह बंद करते आणि मीटर बघते. लाल चाक तरीही फिरत असेल तर मीटर आणि संप यांच्यामधली लाइन जमिनीखाली फुटली आहे. मीटर थांबलं तर पहिला संशय बॉलकॉकवर, म्हणजे संप भरला की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळावर. बॉलकॉक खराब झाला की संप ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट नालीत जातो आणि कोणाला पत्ता लागत नाही, कारण तो पाइप नेहमी इमारतीच्या मागच्या बाजूला असतो, जिथे मांजरांशिवाय कोणी जात नाही.

अर्धं सारखं, अर्धं माणशी

आता वाटणी. लोक तीन उपाय सुचवतात. सगळ्यांना सारखं, सगळं माणशी, किंवा प्रत्येकाला वेगळं मीटर. वेगळं मीटर ऐकायला छान. पण जुन्या बांधकामात स्वयंपाकघराची एक लाइन, दोन बाथरूमच्या दोन, अशा प्रत्येक फ्लॅटला तीन-तीन लाइन वरून उतरतात. प्रत्येकीवर मीटर, मग त्यांचं रीडिंग, मग बंद पडलेल्या मीटरचा वाद. नवीन स्कीम बांधत असाल तर बिल्डरकडून करून घ्या, जुन्यात नादी लागू नका.

आम्ही बिलाचा अर्धा भाग सोळांत सारखा वाटतो आणि अर्धा माणशी. सारखा भाग कशासाठी? स्थिर आकार, गळती, जिना धुणं, कुंड्या, गाड्या पुसणं हे सगळं कोणी राहो न राहो होतंच. दुसऱ्या माळ्यावरचे एक गृहस्थ वर्षातले सहा महिने पुण्याला लेकाकडे असतात. "मी तर इथं राहतच नाही ना, मग काहून भरू?" असं ते म्हणायचे. अर्धा भाग भरा, माणशी भाग नाही, असं सांगितल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं.

आणि उन्हाळ्यात कूलर मोजायचे. हे दुसऱ्या शहरातल्या माणसाला सांगितलं तर हसेल, पण नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा घरातला सगळ्यात मोठा पाणी पिणारा सदस्य कूलरच असतो. हिशोब नक्की करायला मी आमच्या हॉलच्या कूलरच्या टाकीवर आतून खडूनं रेघ मारली, सकाळी रेघेपर्यंत भरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत रेघेपर्यंत यायला १५ लिटरच्या बादलीनं किती पाणी लागतं ते पाहिलं. दिवसरात्र चालणाऱ्या त्या मोठ्या कूलरनं साडेसहा बादल्या घेतल्या, म्हणजे शंभर लिटरच्या आसपास. बेडरूमचा छोटा फक्त रात्री चालतो, तो चाळीसेक लिटर घेतो. सरासरी सत्तर धरली. सत्तर म्हणजे १३५ च्या जवळजवळ निम्मे. म्हणून ठरावात लिहिलं: एप्रिल ते जून एक कूलर म्हणजे अर्धा माणूस. चौथ्या माळ्यावरच्या एसीवाल्यांनी सगळ्यात आधी सही केली.

आकड्यांत दाखवते. समजा मे महिन्याचं बिल ₹६,००० आलं. निम्मे ₹३,००० सोळांत सारखे, प्रत्येकी ₹१८७.५०. उरलेल्या ₹३,००० साठी माणसं ६२, कूलर २६ म्हणजे १३ माणसं, एकूण ७५. माणशी ₹४०. दोघं नवरा-बायको आणि एक कूलर असेल तर अडीच माणसांचे ₹१००, एकूण ₹२८७.५०. सात जण आणि दोन कूलर असतील तर आठांचे ₹३२०, एकूण ₹५०७.५०. बंद फ्लॅटला ₹१८७.५०. हा कागद जसाच्या तसा बोर्डावर लागतो, प्रत्येक फ्लॅटच्या नावापुढे माणसं, कूलर आणि रक्कम. शेजारच्याचे किती हे दिसलं की माणूस आपल्याच आकड्यावर अडून बसत नाही.

कूलरबद्दल आणखी एक. बोअरचं पाणी जड असतं, त्यानं वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो आणि लोक टाकी रिकामी करून पुन्हा भरत बसतात. ते काढलेलं पाणी झाडांना घाला, नालीत सोडू नका.

चढवायचा खर्च

मोटरच्या विजेचे पैसे सोळांत सारखे. तळमाळ्यावरचे काका सुरुवातीला म्हणाले, "मी खाली राहतो, मोटरचे पैसे मी का देऊ?" त्यांच्या नळालाही पाणी गच्चीवरच्या टाकीतूनच येतं, हे त्यांना गच्चीवर नेऊन दाखवावं लागलं. लिफ्टचं म्हणाल तर उपविधीही तेच सांगतात, वापरा अथवा न वापरा, वाटणी सारखी.

महावितरणच्या कॉमन मीटरचं बिल उघडा आणि वर्गवारी बघा. राहत्या इमारतीतला पाण्याचा पंप, लिफ्ट आणि जिन्याचे दिवे घरगुती दरात बसतात. बिल्डरच्या काळातलं तात्पुरतं किंवा व्यापारी कनेक्शन तसंच चालू राहिलं असेल तर अर्ज करून बदलून घ्या. दीड हॉर्सपॉवरचा पंप साधारण दीड किलोवॅट वीज ओढतो. रोज तीन तास चालला तर महिन्याला १३५ युनिट. बिलात याच्या दुप्पट दिसलं तर पंप झिजलाय, फुटव्हॉल्व्ह गळतोय किंवा गच्चीवरची टाकी वाहतेय. संपाच्या पंपाला लेव्हल कंट्रोलर बसवून टाका. बोअरची मोटर मात्र आम्ही हातानंच चालवतो. पश्चिम नागपूर काळ्या बेसॉल्टवर आहे, पाणी खडकाच्या भेगांतच असतं, आणि एप्रिल-मेमध्ये बोअर अर्ध्या तासात खाली जातो. मोटर कोरडी चालली तर जळते, आणि रिवाइंडिंगचा खर्च सगळ्यांवर बसतो.

बाहेर न्यायचा खर्च

हा रकाना सोपा आहे, सोळांत सारखा. सफाईवाल्या ताईंचा पगार बाराऐवजी तेरा महिन्यांचा धरून बारानं भागा, म्हणजे दिवाळीला वेगळी वर्गणी काढत कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. सुट्टीवर गेल्या तर बदली बाईचे पैसे यातूनच.

ओला-सुका कचरा वेगळा करून गाडीत द्यायचा. दिवसाला शंभर किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या मोठ्या वसाहतींना ओल्या कचऱ्याची सोय जागेवरच करावी लागते, त्यांनी तो खर्च वेगळा धरावा. आमचा तीस किलोही भरत नाही. पालापाचोळा मात्र आम्ही मागच्या खड्ड्यात कुजवतो.

आपलं सांडपाणी कुठं जातं, असं पोरं विचारतात तेव्हा सांगायला एक चांगली गोष्ट नागपूरकडे आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, आणि महापालिकेला त्याचे पैसे मिळतात.

बेसा-पिपळ्याकडच्या ज्या लेआउटमध्ये गडरलाइन नाही, तिथं सेप्टिक टँक उपसायच्या गाडीचा खर्च याच रकान्यात दरमहा साठवा. आणि जिथं टँकरवर भिस्त आहे, तिथं टँकरवाल्याच्या शब्दावर पैसे देऊ नका. संपाची लांबी-रुंदी मोजा. तीन मीटर बाय दोन मीटरचा संप असेल तर पाण्याची पातळी दहा सेंटिमीटर चढली की सहाशे लिटर आले. पाच हजारांच्या टँकरनं पातळी ८३ सेंटिमीटर चढायला हवी. एका लांब काठीवर ऑइलपेंटनं खुणा करा, टँकर यायच्या आधी एकदा बुडवा, गेल्यावर एकदा. आमच्या ओळखीच्या एका लेआउटमध्ये ही काठी आल्यापासून टँकर पूर्ण भरून यायला लागला.

शिल्लक

२०१९ च्या जुलैत पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं आणि शहराला एक दिवसाआड पाणी यायला लागलं, तेव्हा ज्या स्कीमकडे शिल्लक नव्हती तिथं टँकरसाठी दारोदार वर्गणी फिरली. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत घरांत पाणी शिरलं. माझी मैत्रीण तिकडेच राहते. त्यांच्या संपात गाळ-घाण भरली, संप उपसणं, धुणं, क्लोरीन टाकणं, पंप बदलणं हे सगळं एकाच आठवड्यात आलं. त्यांच्याकडे पैसे होते म्हणून चौथ्या दिवशी नळ सुरू झाले.

आम्ही दरमहा प्रत्येक फ्लॅटमागे ₹१५० वेगळ्या खात्यात टाकतो. वर्षाचे ₹२८,८०० होतात. त्यातून वर्षातून दोनदा टाक्या धुणं, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर, आणि उरलेल्याची एफडी. सोसायटी असेल तर उपविधींनी किमान मर्यादा दिलेली आहे: सिंकिंग फंडाला (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधीला ०.७५ टक्के.

एफडी मोडून पहिलं काम कोणतं करावं असं विचाराल तर गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडायचं. नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवरून वीस टक्के वाया गेलं धरलं तरी पावणेदोन लाख लिटर पाणी मिळतं, म्हणजे पाच हजारांचे पस्तीस टँकर. फिल्टर नीट बसवून घ्या आणि पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाहेर सोडायची सोय ठेवा, नाहीतर पक्ष्यांची विष्ठा थेट बोअरमध्ये जाते.

वसुली

तिमाहीचे पैसे आगाऊ, तिमाहीच्या पहिल्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत, स्कीमच्या खात्यात यूपीआयनं. माझ्या खात्यात एक रुपयाही येत नाही, आणि तुमच्या खजिनदाराच्याही येऊ देऊ नका, मग तो कितीही सज्जन असो.

थकबाकीदाराचं पाणी तोडू नका. कोणीतरी सभेत उठून हा उपाय सुचवतोच. पाणी ही अत्यावश्यक सेवा आहे, तोडलं तर तक्रार तुमच्यावरच होईल. सोसायटीला उपविधींप्रमाणे कमाल २१ टक्के व्याज लावता येतं आणि सहकार खात्याच्या निबंधकाकडे वसुलीचा अर्ज करता येतो. अपार्टमेंट ॲक्टमध्ये थकलेला सामाईक खर्च हा त्या फ्लॅटवरचा बोजाच असतो. आम्ही पहिल्या महिन्यात तोंडी सांगतो, दुसऱ्यात लेखी पत्र देतो आणि पोच घेतो. फ्लॅट विकताना घेणारा थकबाकी नसल्याचं पत्र मागतोच, तेव्हा ही पोच कामी येते.

फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर पैसे मालकाकडून घ्या. भाडेकरूशी हिशोब त्याचा तो करेल. पण माणसांची संख्या भाडेकरूकडून घ्या, लेखी. आमच्या तिसऱ्या माळ्यावर कॉलेजचे पोट्टे राहतात. मालकानं तीन जण सांगितले होते, दारात चपला सात जणांच्या दिसायच्या. पोरांनी स्वतःच सातचा कागद भरून दिला, मालकाला फोन मी केला.

पाहुणे मोजायचे नाहीत. तीस दिवसांपेक्षा जास्त राहणारा माणूस मोजायचा, असं ठरावात आहे. बाळंतपणाला आलेली लेक आणि तिचं बाळ यात येतात का, हा प्रश्न गेल्या सभेत निघाला आणि चहा आल्यावर राहून गेला. तोवर मी मोजलेलं नाही.